एक्केचाळीस नंबरातला ठिपका

कोकिळाबाईंनी भूमी अभिलेखच्या कचेरीत चौतीस वर्षं एकच काम केलं. दुसऱ्यांनी काढलेल्या रेषांवरून पुन्हा रेषा काढायच्या. पद अनुरेखकाचं. एखाद्या गावचा नकाशा घड्यांवर फाटायला आला, की त्यावर ट्रेसिंगचं निळसर कापड पसरायचं, शाई धरावी म्हणून कापडाला खडूची भुकटी चोळायची, आणि बारीक निबेनं बांध, नाले, पांदण, विहिरी जशाच्या तशा उतरवायच्या. हात थरथरता कामा नये. त्यांचे पहिले साहेब सांगायचे, "बाई, मुळात आहे ते सुटलं तर ती चूक. मुळात नाही ते आलं तर तो गुन्हा." हे वाक्य त्यांनी पुढे किती नव्या पोरांना ऐकवलं असेल, त्याला गणती नाही.

आता त्या एकोणसत्तर वर्षांच्या होत्या. महागावात बसस्टँडच्या मागे दोन खोल्यांत राहत. सोबतीला भावाची मुलगी निकिता. तिच्या खेड्यात नेटवर्क नीट लागत नसे, म्हणून ती आत्याकडे राहून कॉम्प्युटरवर काम करायची. काम म्हणजे मोबाइलवरच्या एका खेळासाठी नकाशे तयार करणं. खेळणारे त्या नकाशातल्या गावात उतरायचे, घरं-वाडे धुंडाळायचे, सापडेल ते गोळा करायचे आणि एकमेकांना गोळ्या घालायचे. नकाशा जितका खऱ्या गावासारखा, तितके लोक जास्त.

मागच्या पावसाळ्यात एक दिवस निकिता जेवायलाच उठली नाही.

"काहून वं, भात निवून राह्यला," कोकिळाबाई म्हणाल्या.

"माहा नकाशा काढून टाकला खेळवाल्यायनं, आत्या. तीन महिन्याचं काम."

"कायले?"

"मी एका मोठ्या कंपनीच्या ऑनलाइन नकाशावरून रस्ते गिरवले होते. त्यायनं वळखलं. म्हणते, चोरीचा हाय."

"मंग हायेच तो चोरीचा. ज्याचा नकाशा त्याले इचारलं नाई तर दुसरं काय म्हणन?"

"तू त्याच्याच बाजूनं बोल!"

"मी नकाशाच्या बाजूनं बोलून राह्यली. जेव आता."

जेवता जेवता निकितानं नियम सांगितले. नकाशाचा साचा एकतर स्वतः मोजून काढलेला पाहिजे, नाहीतर मालकाची लेखी परवानगी पाहिजे, नाहीतर ज्याच्यावरचा हक्क संपला असा जुना नकाशा पाहिजे. आणखी एक नकाशा होता, जगभरातले लोक फुकट मिळून तयार करतात तो. त्यांचं नाव दिलं की वापरायला मोकळीक.

"पण त्याचा उपयोग नाई," निकिता म्हणाली. "मले करंजझरी कराची होती. तू सांगतं ते गाव. तिथं त्या नकाशात नुसतं निळं हाय."

करंजझरी हे कोकिळाबाईंचं माहेर. त्र्याऐंशी साली धरणाचे दरवाजे बंद झाले आणि गाव आणि गावालगतचा तांडा पाण्याखाली गेला. तेव्हापासून निकितासारख्या पोरींसाठी ते गाव म्हणजे आत्याच्या गोष्टी. मारुतीच्या पारावरची चिंच, पाटलाच्या विहिरीची चाळीस पायऱ्यांची उतरण, वेचणीच्या दिवसांत तांड्यावरून गात येणाऱ्या बाया, त्यांच्या ओढण्यांवरचे आरसे उन्हात लांबूनच चमकायचे. आणि लमाणांच्या धनाची गोष्ट. शंभर बैलांचा तांडा मीठ घेऊन जाताना लुटारू मागे लागले, तेव्हा नायकानं मोहरा शिवारात कुठेतरी पुरल्या, अशी. लहानपणी निकिता ती गोष्ट ऐकल्याशिवाय झोपत नसे.

कोकिळाबाईंचे डोळे लकाकले. कितीतरी वर्षांनी कोणाला तरी त्यांचं ज्ञान हवं होतं. "सरकारी नकाशा छापून साठ वर्षं झाले, का तो मोकळा होते," त्या म्हणाल्या. "करंजझरीचा तं इंग्रजाच्या काळचा. उद्या अर्ज कर. नक्कल भेटते."

कचेरीत त्या स्वतः गेल्या. ओळखीचा बाबू कपाटातून गुंडाळी काढत म्हणाला, "मूळ नकाशा तं वाळवीनं खाल्ला, बाई. आता हे तुमचंच कापड मूळ धराचं. तुमचाच हात, अन् तुमालेच नक्कल देऊन राह्यलो!"

"देऊन राह्यला का उपकार करून राह्यला?" कोकिळाबाईंनी हसत विचारलं. शिक्क्याची नक्कल त्यांनी पदराखाली धरून घरी आणली, पावसाचा थेंब लागू दिला नाही.

निकितानं ती टेबलावर पसरली. "पण आत्या, हे तुह्या हातचं हाय. मंग तुहाही हक्क असन याच्यावर?"

"नक्कल करणाऱ्याचं त्याच्यात काय असते वं? एक रेघ बी आपली नसते."

असं म्हणत त्यांनी चष्मा पुसला, खाली वाकल्या, आणि एक्केचाळीस नंबरच्या शेताच्या कोपऱ्यात त्यांना तो दिसला. छोटं वर्तुळ आणि वर्तुळात ठिपका. चौतीस वर्षांत आपली स्वतःची म्हणून त्यांनी एवढी एकच खूण काढली होती.

लालीबाई सोळाव्या वर्षी लग्न होऊन करंजझरीच्या तांड्यावर आली, तेव्हा कोकिळाबाई सतरा वर्षांच्या होत्या. त्यांच्या वडिलांच्या शेतात ती कापूस वेचायला यायची. दोघी एका ओळीत वेचायच्या, एकमेकींच्या भाषेची टर उडवायच्या. पुढे कोकिळाबाई लग्न होऊन महागावला आल्या, तीन वर्षांत विधवा झाल्या, नवऱ्याच्या जागी कचेरीत लागल्या. इकडे लालीबाईला पहिली मुलगी झाली. जमनी. अकरा महिन्यांची होऊन हगवणीनं गेली. लग्न न झालेलं माणूस तांड्यावर जाळत नाहीत, पुरतात. एक्केचाळीस नंबरच्या बांधाच्या टोकाला पळसाखाली तिला पुरलं. वर्षभरात धरणाची मोजणी आली.

लालीबाई तेव्हा पायी चालत कचेरीत आली होती. घरांची मोजणी झाली, झाडांची झाली, विहिरींची झाली. "माह्या छोरीची कोणी करत नाई," ती म्हणाली. "कोकिळा, तुह्या हातात कागद हाय. तिले त्याच्यात टाक. पानी आलं तरी सरकारच्या कागदावर राह्यन ते."

कोकिळाबाईंनी साहेब जेवायला गेल्यावर ठिपका टाकला. पण कुठे टाकायचा? पळस नकाशात नव्हता. जागेवर जाऊन मोजणीची साखळी टाकणं हे त्यांचं काम नव्हतं, आणि चोवीस वर्षांच्या विधवेला मोजणीवाल्यांसोबत तिकडे जाऊ कोण देणार होतं? बांधाचं टोक म्हणजे कोणतं टोक, हेही त्यांनी विचारलं नाही. डोळ्यांनीच अदमास घेतला आणि निब टेकवली. लालीबाईला कापड दाखवलं. तिनं शाई वाळायची वाट पाहिली आणि मग बोटाचं टोक त्या वर्तुळावर ठेवून बराच वेळ उभी राहिली.

त्यानंतर पंचेचाळीस वर्षं, बाजाराला आली की लालीबाई विचारायची, "हाय न?" कोकिळाबाई म्हणायच्या, "हाय." निवृत्तीनंतरही हा नेम चुकला नाही. पाणी उतरलं की पहिली दोन वर्षं लालीबाई धरणात जाऊन आली होती. नंतर गाळानं सगळं सपाट झालं, पळस वाहून गेला, आणि तिनं जाणं सोडलं. कागदावर आहे ना, मग झालं.

"आत्या, हे काय हाय?" निकितानं त्याच खुणेवर बोट ठेवलं. "खाली सूचीत तं नाई हे."

आता सांगितलं असतं तर तिथेच मिटलं असतं. पण शिक्का मारलेल्या नकाशात मुळात नसलेली खूण आपण घातली, हे त्यांना भाचीसमोर म्हणवेना. आताच तर तिला एक रेघही आपली नसते असं ऐकवलं होतं.

"असन कायतरी जुनं," त्या म्हणाल्या, आणि चहा ठेवायला उठल्या.

दिवाळीच्या सुमारास नकाशा तयार झाला. निकितानं आत्याला खुर्चीत बसवून पडद्यावर गाव दाखवलं. कोकिळाबाई बघतच राहिल्या. मारुतीचा पार होता. पांदण तशीच वळत होती, शाळेपाशी थोडी अरुंद. विहिरीच्या पायऱ्या मोजल्या तर चाळीस भरल्या. त्यांच्या वडिलांच्या घराच्या ओट्यावर तिरपं ऊन पडलं होतं. त्या रडल्या, आणि रडताना हसल्या. तेवढ्यात ओट्यावरून एक हिरव्या कपड्यांतला माणूस धावत गेला आणि चिंचेखाली दुसऱ्याला गोळी घातली.

"ह्या इथं कायले मारून राह्यले हे?"

"खेळ हाय आत्या. लोकं खेळून पाहून राह्यले."

मग तो माणूस एक्केचाळीस नंबरात गेला आणि बांधाच्या कोपऱ्यात खोदू लागला. जमिनीतून एक पेटी वर आली, झाकण उघडलं, पिवळा उजेड पडला.

"पेटी कायची?" कोकिळाबाई खुर्चीत पुढे सरकल्या.

"लमाणाच्या धनाची! तूच सांगत होती न. त्या जागी खूण होती, मंग तिथं काहीतरी असाच पाह्यजे." निकिता उत्साहात होती. "अन् हे पाह्य, तुहं नाव."

नकाशाच्या कोपऱ्यात लिहिलं होतं: गाव नकाशा, मौजे करंजझरी. अनुरेखन, कोकिळाबाई. त्याखाली, हा नकाशा साचा म्हणून कोणीही वापरू शकतो, फक्त आमची नावं द्यावीत.

ज्या बाईचं नाव चौतीस वर्षांत एकाही नकाशावर लागलं नव्हतं, तिला ते वाचून काय वाटलं असेल? लाज आणि सुख एकाच घोटात गिळून त्या गप्प राहिल्या. खेळ तर आहे. पाण्याखालच्या गावात कोण जातं?

पण करंजझरी कुठे होती हे जिल्ह्यातल्या पोरांना माहीत होतं. आजोबांच्या तोंडून नाव ऐकलेलं. फोनवर ते नाव दिसलं आणि हां हां म्हणता पसरलं. दुसऱ्यांनी निकिताचा साचा घेऊन आपापले नकाशे केले. एकानं रात्रीची करंजझरी केली, एकानं आगीत जळणारी. नावं सगळ्यांनी नियमानं दिली, आणि पेटी सगळ्यांनी तिथेच ठेवली. कोणीतरी खाली लिहिलं की हा नकाशा खऱ्या सरकारी नकाशावरून आहे, शिक्क्याच्या नकलेवरून. मग कोणीतरी विचारलं, सरकारी नकाशात खूण आहे तर ती उगाच असेल काय?

यंदा पाणी लवकर उतरलं. मेच्या दुसऱ्या आठवड्यात लालीबाईचा पुतण्या देवीलाल आपला ऑटो घेऊन दारात आला. मागे लालीबाई बसली होती. ती खाली उतरली नाही.

"मावशी, चाल," देवीलाल म्हणाला. "धरणात खड्डे खंदून राह्यले लोकं. काकीनं मोबाइलात पाह्यलं. पोट्टे दाखवून राह्यले होते तांड्यावर, हे पाहा आपलं जुनं धन म्हणून."

कोकिळाबाई पायात चप्पल सरकवून तशाच निघाल्या. मागून निकिता विचारत राहिली, "काय झालं आत्या? कोणतं धन?"

ऑटोत दोघी शेजारी बसल्या. निम्मा रस्ता मागे पडला. मग लालीबाईनं पुढे बघतच विचारलं, "सरकारच्या कागदातली जागा मोबाइलात गेली कशी?"

"मीच देली."

"कायले?"

कोकिळाबाईंनी सगळं सांगितलं. नक्कल, शिक्का, भाचीचं काम, आपलं नाव. सांगताना त्यांच्याच लक्षात आलं की यात कुठेही कायद्याबाहेरचं काही नाही. अर्ज केला, परवानगी होती, नावं दिली, कोणाचं काही चोरलं नाही.

"तुह्या नावासाठी तू चूप राह्यली," लालीबाई म्हणाली.

"हो."

धरणाच्या पोटात ऑटो जिथवर गेला तिथवर गेला. पुढे गाळ वाळून त्याच्या ढेपा झाल्या होत्या, भेगांत शिंपल्या अडकल्या होत्या. लांबवर कोणीतरी उतरत्या पाण्याच्या कडेनं टरबुजाचे वेल लावले होते. देवीलाल ऑटोपाशी थांबला. दोघी चालत गेल्या. कोकिळाबाईंना गाव पायांनी कळत होतं. हा पार होता, हे शाळेचं जोतं. नुसते दगड, पण रांगेत. एरवी त्या प्रत्येक दगडापाशी थांबल्या असत्या.

एक्केचाळीस नंबरात सात खड्डे होते. सहा गुडघाभर. कोपऱ्यातला सातवा माणूस उभा राहील इतका खोल. त्याच्या काठावर कापलेली लिंबं, कुंकवाचा सडा, फुटका नारळ, आणि बिडीची थोटकं. गुप्तधन काढायला येणाऱ्यांनी पूजा यथासांग केली होती.

लालीबाई काठावर बसली. उपसलेल्या मातीच्या ढिगात तिनं दोन्ही हात घातले आणि माती बोटांतून सोडू लागली. मूठभर घ्यायची, चाळायची, बाजूला ठेवायची. पुन्हा मूठभर.

"काय पाहून राह्यली?"

"काळे मणी. हातात बांधले होते तिच्या. नजर लागू नये म्हणून." ती थांबली नाही. "हाडं तं काय राह्यले असन एवढ्याशा जिवाचे. मणी राह्यते."

ऊन वर आलं. तिनं जवळजवळ अर्धा ढीग चाळला. ढेकळं फोडून फोडून नखांच्या कडा रक्ताळल्या. एक शिंपली निघाली, एक बाटलीचं झाकण. मणी निघाला नाही.

"नेले," लालीबाई म्हणाली. "मेल्यायनं मणी बी नेले. याडी, माय म्हणवून घेते मी, अन् येवढं राखता आलं नाई." ती रडत नव्हती. नुसती पुढेमागे डुलत होती, जशा तांड्यावरच्या बाया मयताला डुलतात तशी.

कोकिळाबाई तिच्या मागे उभ्या होत्या. एक वाक्य अजून सांगायचं राहिलं होतं. ते बोललं तर हिचं हे दुःख आत्ताच्या आत्ता निम्मं होईल. आणि दुसरं निम्मं असं होईल की त्याला औषध नाही. नकाशावर अर्धा इंच हात इकडेतिकडे झाला, तर जमिनीवर पन्नास मीटर होतात. आणि त्यांचा हात अर्धा इंच चुकला की दोन इंच, हे त्यांनाच माहीत नव्हतं. न बोलता घरी जाता आलं असतं. पण दुसरा ढीग चाळायला लालीबाईनं हात पुढे केला तेव्हा त्यांना राहवलं नाही.

"लाली, नको चाळू. ते इथं नसन."

"हेच तं जागा. कागदातली."

"कागदातली हाय. पण मी मोजून नोती टाकली. तवा मी इथं आलतीच नाई. तू पळस म्हणे, बांधाचं टोक म्हणे. मी कचेरीत बसून अंदाजानं ठिपका देला."

लालीबाई वळली. पदर घसरला होता, तो तिनं सावरला नाही. "म्हणजे तिले कोणी हात लावला नाई?"

"नसन लावला. बहुतेक."

क्षणभर तिचा चेहरा सैल झाला. मग तिनं आजूबाजूला पाहिलं. शेत नव्हतं, बांध नव्हता, पळस नव्हता. चारी बाजूंना सारखीच भेगाळलेली माती, थेट पाण्यापर्यंत.

"मंग कुठं हाय माही छोरी?"

"माईत नाई."

"पंचेचाळीस साल मी तुले इचारलं. हाय न? तू म्हणे, हाय."

"ठिपका हाय, असं म्हणो मी."

"मी ठिपक्याले नोती इचारत," लालीबाई म्हणाली.

कोकिळाबाईंना वाटलं, आपण परत जाऊन अर्ज करू, ठिपका खोडायला लावू, निकिताला सांगून पेटी काढू. पण निकिताची पेटी निघाली तरी त्या साच्यावरून केलेल्या नकाशांतल्या पेट्या कोण काढणार? आणि कचेरी म्हणेल, मुळात ठिपका नव्हता हे दाखवा, मूळ नकाशा आणा. मूळ आता त्यांचंच कापड होतं. उद्या, परवा, पाणी चढेपर्यंत लोक येत राहतील. आज कोपऱ्यात काही मिळालं नाही म्हणून थोडं बाजूला खणतील. मग आणखी थोडं बाजूला.

लालीबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. निघायला तिनं पाऊल उचललं, खाली पाहिलं, आणि ते मागे घेतलं. दुसरीकडे उचललं, तेही घेतलं.

"लाली?"

"पाय कुठं ठेवू?" ती म्हणाली.

कोकिळाबाईंनी हात पुढे केला. तो तिनं धरला नाही. ऊन डोक्यावर आलं होतं आणि दोघी अशा का उभ्या आहेत हे देवीलालला तिकडून कळेना. "काकी! मावशी! चाला न, लू लागन!" त्यानं दोनदा हाक मारली, आणि मग ऑटो सोडून तो मातीवरून धावत निघाला. त्याच्या बुटांखाली ढेपा कडाकडा फुटत होत्या.

"थांब!" दोघी म्हाताऱ्या एकदम ओरडल्या. "पाय नको टाकू!"

देवीलाल एक पाय पुढे तसाच धरून थबकला. खाली पाहिलं, वर पाहिलं. त्याला काही कळलं नाही. तिघंही आपापल्या जागी उभी राहिली.